गफूरचाचांच्या चौदा विहिरी

गफूरचाचांना मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, पायाकडे पाहिलंही नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "कुत्रं कुठं हाय?" पोटरीला फाटक्या धोतराची पट्टी बांधून, बैलगाडीत सात-आठ कोस हाडं खिळखिळी करून घेत मी कनेरगावाहून हिंगोलीला आलो होतो आणि हा कंपाउंडर कुत्र्याची खुशाली विचारत होता. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, नवा मास्तर, राग नाकाच्या शेंड्यावर. मी म्हणालो, कुत्रं गावात आहे, चावा मला घेतलाय. ते शांतपणे म्हणाले, "गावात हाय म्हंजे जितं हाय का?" तेव्हा मला सांगावं लागलं की नव्या मास्तरांना चावलं म्हणून गावकऱ्यांनी प्रेमापोटी त्याला काठ्यांनी ठार केलं होतं. गफूरचाचांनी चष्मा काढून कपाळ चोळलं. "मारलं. मग आता विचारावं कुणाला?" असं म्हणून त्यांनी मला बाकावर बसवलं आणि साबणाची वडी घेऊन माझी पोटरी धुवायला सुरुवात केली.

किती वेळ धुवावी? मला वाटलं हा माणूस मला सोडतच नाही. कोमट पाण्याचा तांब्या संपला की दुसरा, दुसरा संपला की तिसरा. धुता धुता त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. चावलेलं कुत्रं बांधून ठेवायचं असतं. दहा दिवस ते धड राहिलं तर माणूस सुटला. मेलं, पळालं किंवा मारलं गेलं तर माणसाच्या पोटात चौदा सुया, रोज एक, खाडा नाही. हे ऐकलं आणि पहिला विचार मनात आला तो असा की आपली बैलगाडी अजून दारात उभी आहे.

निजामाच्या राज्यातली गोष्ट आहे. हिंगोलीत छावणीकडे जाणाऱ्या रस्त्याला एक लहानसा दवाखाना होता. डॉक्टरसाहेब बहुतेक दौऱ्यावर असायचे आणि दवाखाना चालवायचे ते गफूरचाचा. उंच, सुकलेली अंगकाठी, खाकी कोट, आणि चष्म्याची एक काडी मोडलेली म्हणून तिच्या जागी काळा दोरा. त्यांच्या हातांना कायम कार्बोलिकचा वास यायचा. घरी चाची तक्रार करायच्या की यांनी नुसता हात लावला तरी भाकरीला दवाखान्याचा वास लागतो. चाचा म्हणायचे, "मग चांगलंच हाय की, रोग तरी दूर राहतो." सुई टोचताना त्यांची एक वेगळीच तऱ्हा असे. माणसाच्या तोंडाकडे न पाहता ते पोटाशी बोलायचे. पोटावर हलकेच थापटून, "आज डावीकडं येतो बरं का," असं सांगायचे आणि पोटाच्या मालकाला काही कळायच्या आत काम उरकायचे. टोचलं त्या जागी जांभळ्या औषधाचा एक ठिपका ठेवायचे. रोज एक ठिपका, बेंबीभोवती गोल. मोजायला सोपं आणि कुणाला खोटंही बोलता येत नसे.

ती लस हैदराबादेहून पार्सलने, रेल्वेने यायची. दुधाळ पाण्यासारखी दिसायची आणि पोटात गेली की दिवसभर तिथं गोळा राही. चार दिवसांत पोटाला बोट लावू नये असं होऊन जाई. माणसं दुसऱ्या-तिसऱ्या सुईनंतर पळून जायची. पळायला त्यांच्याजवळ कारणही भक्कम होतं. आपल्याकडे कुत्रं चावलं की सात विहिरींत डोकावायचं, ही रीत कुणी काढली कुणास ठाऊक, पण घरोघर होती. चावलेल्या माणसाला घेऊन नातेवाईक एका विहिरीवरून दुसरीवर जायचे. काठावर वाकून त्यानं पाण्यात आपलं तोंड पाहायचं. पाण्यात आपलंच तोंड दिसलं, कुत्र्याचं दिसलं नाही, की विष उतरलं. सात विहिरी फुकट, घराजवळ आणि सुईशिवाय. त्यांच्यापुढे गफूरचाचांची काचेची पिचकारी काय टिकणार?

चाचांनी मग त्या विहिरींनाच हाताशी धरलं. मला तो प्रकार दुसऱ्या दिवशी कळला. सुई झाली, ठिपका झाला, आणि ते कोट चढवून म्हणाले, चला. माझ्याबरोबर आणखी तिघं होती. एक जवळा बाजार गावची म्हातारी, एक शिंपी आणि एक हमाल. चाचांनी आम्हांला शेजारच्या मळ्यातल्या विहिरीवर नेलं आणि एकेकाला वाकून पाहायला लावलं. म्हातारीला ते सांगत होते की सात विहिरी पुरतात त्या गावाकडं. शहरातलं पाणी हलकं, इथं चौदा लागतात. रोज एकच. आधी सुई, मग विहीर. सुई घेतल्याबिगर विहीर पावत न्हाई. म्हातारीनं गंभीरपणे मान हलवली.

मी परतताना त्यांच्यावर घसरलो. शिकलेल्या माणसानं, दवाखान्यातल्या माणसानं लोकांना असल्या भाकडकथा सांगाव्यात याची मला चीड आली होती. चाचांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की शाळेत मुलं टिकावीत म्हणून तुम्ही काय करता. मी म्हणालो, शनिवारी फुटाणे वाटतो.

"मग फुटाणे काय भूगोल हाय का, मास्तर?" ते म्हणाले. "फुटाण्यासाठी येतं ते लेकरू भूगोल शिकूनच जातं ना?"

खरं सांगायचं तर पाचव्या दिवशी पोट इतकं दुखत होतं की मीही पळालो असतो. पण म्हातारी सकाळपासून आजच्या विहिरीची चौकशी करत बसली होती आणि तिच्यासमोर पळायची मला लाज वाटली. चाचांची चौदा ठिकाणं ठरलेली होती आणि क्रमही ठरलेला. जवळच्या आधी, लांबच्या नंतर. आठवी विहीर पारव्यांची, तिच्यात डोकावलं की पारवे फडफडत वर यायचे आणि माणसं दचकायची. चौदावी स्टेशनाच्या पलीकडे, सगळ्यांत लांब. ती सगळ्यांत कडक, असं त्यांनी पसरवून ठेवलं होतं. सहाव्या दिवशी शिंपी घरी जायचं म्हणू लागला तेव्हा चाचा त्याला म्हणाले, जा. पण अर्ध्यात सोडलं तर आधी पाहिलेल्या सगळ्या विहिरी नाराज होतात. शिंपी मुकाट्यानं थांबला. आम्ही चौघंही पुरे चौदा ठिपके घेऊन घरी गेलो.

तेव्हापासून आमचा स्नेह जमला. शाळेच्या कामानं हिंगोलीला गेलो की दवाखान्याच्या ओसरीवर माझी एक फेरी ठरलेली. ओसरीवर चावलेल्या माणसांचा मुक्काम असायचा. कुणी चूल मांडलेली, कुणी पोट धरून बसलेलं. चाचांची एकुलती मुलगी आखाडा बाळापूरला दिली होती. घर रिकामं, म्हणून चाची घरातली भांडी ओसरीवर वापरायला पाठवायच्या. आमची हिंदू माणसं ती राखेनं घासून घ्यायची, आणि त्याचा राग चाचांना कधी आलेला मी पाहिला नाही. "राखेनं भांडं चमकतं," एवढंच ते म्हणायचे. मी मात्र कधी कधी दुसऱ्याच गोष्टीवर वाद घालायचो. मी म्हणायचो, चाचा, एकदा लोकांना खरं सांगून तर पाहा. ते म्हणायचे, "सांगंन. आधी जगू द्या, मग समजावून सांगू. मेलेल्याला समजावता येत न्हाई."

त्यांचं नाव पंचक्रोशीत झालं, पण कसं झालं ते पाहा. आमच्या कनेरगावातून चार-पाच माणसं त्यांच्याकडे जाऊन आली. परत आल्यावर ती सांगायची ती विहिरींच्या गोष्टी. पारव्यांची विहीर, स्टेशनापलीकडची कडक विहीर, पाण्यात तोंड कसं स्वच्छ दिसलं. सुयांचं कुणी बोलायचं नाही. सुई म्हणजे देवळात जाताना वाटेत काटा मोडावा तशी एक तकलीफ, एवढाच तिचा मान. मी एकदा गंमत म्हणून चाचांना हे सांगितलं. म्हटलं, चाचा, आमच्या गावात तुम्ही कंपाउंडर राहिला नाहीत, विहिरींचे पुजारी झालात. ते खळखळून हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते, कारण त्याच दिवशी आम्हां दोघांना कळायला हवं होतं.

आमच्या शाळेच्या मागच्या आळीत केरबा नावाचा शेतकरी राहायचा. त्याची बायको पारबती बोलायला मोकळी, कामाला वाघीण. वाटेनं जाता येता खिडकीतून मुलांना पाढे विचारायची आणि चुकलं की मलाच हसायची. रब्बीची ज्वारी काढणीला आली होती. एके सकाळी गोठ्यात एक अनोळखी कुत्रं शिरलं, दोन वासरांना चावलं, हाकलायला गेलेल्या पारबतीच्या हाताला चावलं आणि वऱ्हाडाच्या बाजूला पळून गेलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेचं अंगण झाडून घेत होतो. पुढच्या दिवशी शाळा तपासणारे साहेब येणार होते. नकाशे टांगायचे होते, हजेरी नीट करायची होती, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. पाहतो तर केरबा आणि पारबती शाळेजवळच्या विहिरीवर. तिच्या हाताला हळद भरलेलं फडकं, आणि ती काठावर वाकून पाहतेय. मी विचारलं, काय झालं? तिनं हसत सांगितलं की कुत्रं चावलं, चौदा विहिरी पाहतोय, ही पाचवी. मी हसलो. म्हटलं, वा, चाचांच्या आधीच सुरुवात केलीत. मला वाटलं, आज विहिरी करतात, उद्या गाडी जुंपून हिंगोलीला जातील. एक शब्द विचारायचा होता, जाणार ना? तो विचारला नाही आणि नकाशे टांगायला आत गेलो.

ते कुठंही गेले नाहीत. ज्वारी उभी होती, चौदा दिवस घर सोडून हिंगोलीला राहणार कोण? आणि चाचांच्या चौदा विहिरींनी माणूस बरा होतो हे तर गावातच चार-पाच जणांनी सिद्ध केलं होतं. गावातल्या नऊ आणि शिवारातल्या पाच अशा चौदा विहिरी त्यांनी दीड दिवसात मोजून पाहिल्या. जुन्या सातावर थांबले नाहीत. चाचांनी सांगितलेलं त्यांनी आपल्या समजुतीनं पुरेपूर पाळलं. या चुकीला मी अडाणीपणा म्हणू शकत नाही. जे त्यांच्यापर्यंत पोचलं होतं तेवढंच त्यांनी केलं.

दीड-एक महिन्यानं केरबा शाळेत धावत आला. पारबतीचा हात चुरचुरत होता, दोन रात्री झोप नव्हती, आणि त्या सकाळी पाण्याचा तांब्या तोंडाजवळ नेताच तिच्या घशाला अशी काही ओढ बसली की तांब्या हातातून उडाला. मी शाळा सोडून गाडीत बसलो. वाटभर ती शुद्धीवर होती. ज्वारी किती झाली, धाकटीला कुणाकडे ठेवलं, असं ती केरबाला विचारत होती. वाटेत नाला लागला तेव्हा तिनं पदरानं तोंड झाकून घेतलं.

दवाखान्यात चाचांनी तिला पाहिलं आणि काही न विचारता त्यांना कळलं. तरीही त्यांनी तिचं पोट पाहिलं. त्यावर एकही ठिपका नव्हता. त्यांनी केरबाला विचारलं, सुया कुठं घेतल्या? केरबा म्हणाला, "सुया न्हाई घेतल्या, चाचा. विहिरी पाहिल्या. चौदाच्या चौदा, एक बी सोडली न्हाई." चाचा बाकावर बसले. मी त्यांना कामाच्या वेळेला बसलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

केरबा गाडीतली वाकळ आणायला बाहेर गेला तेव्हा चाचांनी माझ्याकडे वळून विचारलं, "मास्तर, तुमच्या गावात कुणालाच माहीत न्हवतं का? तुमाला?"

मी म्हणालो, "मी शाळेच्या गडबडीत होतो चाचा. मला कळलंच नाही."

इतकं सहज खोटं मी आयुष्यात कधी बोललो नसेन. त्यांनी मान हलवली आणि ते पारबतीकडे गेले. तिला अंधारी, वारा न लागणारी खोली दिली. तिच्यासाठी करण्यासारखं दुसरं काही जगात कुणाकडेच नव्हतं, तेव्हाही नव्हतं आणि त्यानंतरही. दोन दिवस चाचा त्या खोलीतून हलले नाहीत. ओला बोळा नुसता ओठांना लावायचा प्रयत्न करायचे, तोही तिला सोसत नसे. दुसऱ्या दिवशी दुपारी ती थोडा वेळ अगदी शांत झाली. मी दाराशी होतो. तिनं चाचांना विचारलं, "चाचा, माझी कोणती विहीर चुकली?"

चाचांनी तिचा हात हातात घेतला होता. "तुझी न्हाई चुकली, बेटी," ते म्हणाले. "माझी चुकली."

दिवस मावळायच्या आत ती गेली. तिसऱ्याच्या दिवशी चाचा कनेरगावला आले. केरबाच्या दारात, अंगणात, उन्हात बसून राहिले. गावातली काही माणसं त्यांना वाईटसाईट बोलली, पुजारी म्हणाली, खुनी म्हणाली. मी ऐकत उभा होतो. मी एक वाक्य बोललो असतो तर त्यातला निम्मा राग माझ्याकडे वळला असता, आणि तो वळायलाच हवा होता. मी बोललो नाही. जाताना ते शाळेत डोकावले, मुलांकडून एक पाढा म्हणवून घेतला आणि मला म्हणाले, येत जा हिंगोलीला.

मी जाणं कमी केलं. निमित्तं पुष्कळ असतात. पण कानावर यायचं. चाचांनी विहिरी बंद केल्या होत्या. आलेल्या प्रत्येकाला ते समोर बसवून सांगायचे की विहिरीत काही नाही, कधी नव्हतं, मी खोटं बोलत होतो. जीव वाचतो तो सुईनं. ऐकून माणसं गोंधळायची. जो माणूस स्वतःच सांगतो की मी खोटं बोलत होतो, त्याच्या सुईवर तरी विश्वास का ठेवावा? काही जण उठून सरळ मांत्रिकाकडे जायचे. मग चाचा त्यांच्या मागे त्यांच्या गावी जायचे. पन्नाशी उलटलेला माणूस, चालत, उन्हातान्हात, दारात उभा राहून विनवायचा. कुणी परत यायचं, कुणी कुत्रं अंगावर सोडायचं. एकदा मी भेटलो तेव्हा ते पायांना तेल लावत बसले होते. "खोटं सांगत व्हतो तवा मानसं थांबत होती," ते म्हणाले. "आता खरं सांगून राहिलो तर पळून राहिलीत. यातलं बराबर कोणतं, ते मला आजून समजलं न्हाई, मास्तर." मी विषय बदलला.

अठ्ठेचाळीसचा उन्हाळा आला तो सगळ्यांनाच आठवतो. राज्यात दंगाधोपा, गावागावांत भीती, रस्ते बंद, बाहेरचा माल येईना. लसही येईना. आणि कुत्र्यांना काही राज्याचं देणंघेणं नव्हतं. एका सकाळी शाळा भरायच्या आधी दारात चाचा उभे. बरोबर सखाराम नावाचा एक म्हातारा कुंभार, कोपरापासून हात बांधलेला. दवाखान्यात एकही बाटली उरली नव्हती. वाशीमला मिळत होती, पण वाशीम वऱ्हाडात, म्हणजे निजामाच्या हद्दीबाहेर, सरहद्दीच्या नाक्याच्या पलीकडे. चाचांसारख्या दाढीवाल्या माणसानं त्या दिवसांत नाका ओलांडणं म्हणजे जिवावर उदार होणं होतं, आणि हिंगोलीपासून कनेरगावापर्यंत एका हिंदू म्हाताऱ्याला सोबत घेऊन येणं हेही काही कमी धोक्याचं नव्हतं. आदल्या दिवशी निघून, वाटेत एका मळ्यात थांबून ते आले होते.

"हितून पुढं मला जाता येत न्हाई," ते म्हणाले. "तुमी न्या. पुरे चौदा झाल्याबिगर आनू नका. तुमी नेलं तर मला फिकर न्हाई."

मी हो म्हणालो. शाळेला तसंही कुलूप लागायची वेळ आली होती. बायकोनं चहा केला. आमच्याकडे त्यांच्यासाठी वेगळा कप असायचा, कोनाड्यात ठेवलेला. त्या काळात तेच चालायचं, आणि ते चालवणाऱ्यांत मीही होतो. सखाराम ओट्यावर आडवा झाला होता. चाचांनी चहा घेतला. एरवी ते अर्ध्या कपावर उठायचे, त्या दिवशी दुसरा कप घेतला. दाराजवळच्या बाजेवर बसले होते आणि फारसं बोलत नव्हते. माझ्या मनात त्या वेळी पारबतीखेरीज दुसरं काही नव्हतं. चाचांनीच मला एकट्याला, खालच्या आवाजात म्हटलं, मास्तर, बरे आहात ना? मी म्हटलं, बरा आहे. मग ते उठले, सखारामच्या पोटाशी वाकून, "चौदा दिवस दम धर," असं त्या पोटाला सांगितलं आणि आल्या वाटेनं चालू लागले.

वाशीमला मी सखारामबरोबर चौदा दिवस राहिलो. रोज त्याच्या शेजारी उभा राहिलो, रोज ठिपका ठेवायला लावला. तिथल्या डॉक्टरांना हे ठिपक्यांचं वेड समजेना. मी म्हटलं, आमच्याकडची रीत आहे. सखाराम बारा वेळा पळायला निघाला आणि बारा वेळा मी त्याला धरून आणलं. तो वाचला. पुढं पुष्कळ वर्षं मडकी करत होता.

आम्ही परतलो तोवर वातावरण फारच बिघडलं होतं आणि हिंगोलीला जाणं शक्य नव्हतं. पावसाळा तसाच गेला. पावसाळ्याच्या शेवटी राज्य बदललं, रस्ते मोकळे झाले, आणि मी पहिल्यांदा हिंगोलीला गेलो तर दवाखान्यात दुसराच माणूस होता. चाचा आणि चाची मुलीकडे आखाडा बाळापूरला गेले होते. तिथं भर पावसात चाचांना ताप आला आणि सहा-सात दिवसांत ते गेले. आजारपणातही कुणी चावलेलं माणूस आलं का, असं विचारत होते, हे त्यांच्या मुलीनं मला नंतर सांगितलं. त्यांना जाऊन महिना झाला होता आणि मला पत्ता नव्हता.

गावी आल्यावर मी केरबाच्या गोठ्याकडे गेलो. तो बैलांना वैरण टाकत होता. चाचा गेल्याचं मी त्याला सांगितलं. तो हातातली पेंढी सोडवत राहिला. मग माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं की चाचांना एक गोष्ट सांगायची राहून गेली. पारबतीला मी विहिरीवर पाहिलं होतं आणि त्यांच्याशी खोटं बोललो होतो.

"ते त्यांना ठाऊक व्हतं," केरबा म्हणाला. "तिसऱ्याच्या दिशी म्याच सांगितलं. तुमी आमाला पाहिलं, हसले अन् आत गेले, इतकं सांगितलं. तुमच्यावर लय राग व्हता मास्तर माझा, म्हनून सांगितलं."

मी विचारलं, मग चाचा काय म्हणाले?

"म्हनले, मास्तर भ्याला हाय. एक दिवस आपून होऊन सांगंल. तवर त्याला कुनी काही म्हनू नका."

मी घरी आलो. ती बाज अजून तिथंच होती. तिसऱ्याच्या दिवशी गावाच्या शिव्या खाऊन, सगळं माहीत असून, ते शाळेत डोकावले होते आणि येत जा म्हणाले होते. नंतर कितीतरी भेटींत त्यांनी विषय निघेल इतकी जागा ठेवली आणि मी ती दर वेळी चुकवली. आणि त्या शेवटच्या सकाळी, उन्हं वर येत असताना, परतीची वाट धोक्याची असताना, ते माझ्या दारात दोन कप चहा होईपर्यंत बसून राहिले होते. मला वाटलं होतं, चालून थकलेत. ते माझ्या बोलण्याची वाट पाहत होते, आणि मी त्यांना विचारत होतो, चाचा, आणखी चहा घेता का?